बाबांचा काट्याचा मीटर

नारपोलीत आमचं मोटर वाइंडिंगचं दुकान आहे. बाबांनी ते सुरू केलं तेव्हा मी दुसरीत होतो. कापड विणायच्या लूमची मोटर जळली की कारखान्यातली माणसं ती सायकलच्या कॅरियरला बांधून आमच्याकडे आणतात. आम्ही जळकी तार कापून काढतो, नवी भरतो, वार्निश मारून सुकवतो, तपासतो आणि परत देतो. यातलं कापणं, भरणं, सुकवणं मी गेली कित्येक वर्षं करतोय. तपासणं मात्र बाबांचं.

त्यासाठी त्यांच्याकडे काट्याचा मीटर होता. काळा, जाड, मधोमध गोल खटका, वर काचेखाली तबकडी. आता सगळ्यांकडे आकडे दाखवणारे डिजिटल मीटर आहेत, माझ्याकडेही आहे. पण बाबा म्हणायचे, ‘‘आकडा नुसता उत्तर सांगतो. काटा चालतो कसा ते बघितलं की मोटरच्या पोटात काय चाललंय ते कळतं.’’ मीटर ते टेबलावर जुन्या ब्लँकेटच्या घडीवर ठेवायचे, कारण शेजारच्या कारखान्यातले लूम सुरू झाले की आमची फरशीसुद्धा थरथरते. आणि काम झालं की तो कपाटात, कुलपात.

हे कुलूप माझ्यामुळे लागलं होतं. एकोणीस वर्षांचा असताना मी त्यांचा आधीचा मीटर जाळला होता. कॉईलचा रेझिस्टन्स बघायचा होता. खटका ओहमवर ठेवला आणि मेन स्विच बंद आहे की नाही ते न बघताच दोन्ही टोकं लावली. लाइन चालू होती, आणि खटका ओहमवर असताना मीटरला बाहेरची वीज सोसत नाही. फट्‌ आवाज झाला, काटा उजवीकडे आपटून वाकला, मीटरच्या फटीतून धूर आला. बाबा धावत आले आणि पहिल्यांदा म्हणाले, ‘‘हात बघू.’’ हाताला काही झालं नव्हतं. मग त्यांनी मीटर उचलला, उघडून पाहिला, परत बंद केला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढच्या महिन्यात तसाच दुसरा मीटर आला, आणि त्याला मी कधी हात लावावा असं त्यांनी म्हटलं नाही. मीही मागितला नाही.

तीन वर्षांपूर्वी माझं लग्न झालं. बायको वडप्याकडची. लग्नाआधी ती तिथल्या एका गोडाऊनमध्ये पार्सलांची वजनं घ्यायच्या कामाला होती. आमच्या घरी आल्यावर दुपारचा डबा घेऊन ती दुकानात यायची आणि आमचं जेवण होईपर्यंत स्टुलावर बसून राहायची. त्याच सुमारास बाबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. ऑपरेशनला ते तयार नव्हते.

एके दिवशी जेवण झाल्यावर बाबा मोटर तपासायला बसले. मीटर डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. मी वार्निशचा ब्रश खाली ठेवला. मला वाटलं, आता हाक येणार. इतकी वर्षं मी त्या हाकेची वाट बघत होतो हे मला त्या क्षणी कळलं.

बाबा म्हणाले, ‘‘पोरी, जरा बघ गं, काटा कुठे आहे?’’

ती उठली, टेबलावर वाकली, मग थोडी बाजूला सरकली. ‘‘नऊच्या जरासा पुढं हाय, मामा.’’ सासऱ्यांना ती मामा म्हणते.

‘‘बाजूला का सरकलीस?’’

‘‘तिरकं दिसत व्हतं. काटा समोरनं बघायचा असतो. हितं काट्याखाली आरसा हाय ना, त्यातला काटा खऱ्या काट्यामागं लपला की बराबर.’’

तबकडीवरची ती आरशाची बारीक पट्टी कशाला असते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. गोडाऊनमध्ये काट्याचा वजनकाटा वाचून वाचून तिचं तिलाच सुचलं. बाबा इतके खूश झाले की त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, जणू मीच काही केलं होतं. मी ब्रश उचलला आणि जी मोटर आधीच रंगवून झाली होती तिच्यावरच परत फिरवत राहिलो.

त्यानंतर ती रोज थांबायला लागली. बाबा तिला शिकवायचे आणि मी चार हात लांब बसून ऐकायचो. आधी मेन बंद. नुसतं बंद नाही, वायर काढून बाजूला. कपॅसिटर असेल तर त्यातली वीज आधी उतरवायची. मग खटका ओहमवर. दोन्ही टोकं एकमेकांना लावायची, काटा उजवीकडे शून्यावर येतो का बघायचं. नाही आला तर बाजूची चक्री फिरवून आणायचा. खटका एक घर जरी बदलला तरी हे पुन्हा करायचं. टोकांचा धातू दोन्ही हातांनी धरायचा नाही, नाहीतर मीटर आपल्या अंगाचाच रेझिस्टन्स दाखवतो. काम झालं की खटका बंदवर.

ती पदर खोचून हे सगळं तोंडाने म्हणत म्हणत करायची. बाबा हसायचे. माझ्याबरोबर काम करताना बाबा इतके हसलेले मला आठवत नव्हते. त्यांचा चहा एकत्र यायचा, माझा कप टेबलाच्या टोकाला ठेवलेला असायचा आणि बऱ्याचदा मी उठून जाईपर्यंत त्यावर साय धरलेली असायची. लोकांना बायकोवर दुसऱ्या पुरुषावरून जळताना मी पाहिलंय. मी माझ्या बापावरून बायकोवर जळत होतो, आणि हे कुणाला सांगणार?

मी तिच्या चुका शोधायला लागलो. सापडत नव्हत्या. एकदा एक मोटर आली, ती मधूनच बंद पडायची. माझ्या डिजिटल मीटरवर तिन्ही कॉईली सारख्या दिसत होत्या. मी म्हणालो, ‘‘मोटर ठीक आहे, लूमचाच काहीतरी लोचा असेल.’’ तिने काट्याचा मीटर लावला आणि एका हाताने आतली वायर हळूच हलवत राहिली. एका ठिकाणी काटा शहारल्यासारखा हलला आणि परत आला.

‘‘हितं जोड ढिला हाय,’’ ती म्हणाली.

जोड मी घातलेला होता. ती तसं बोलली नाही, बाबाही बोलले नाहीत. मी तो जोड उकलून परत केला आणि त्या दिवशी घरी जेवताना तिच्याशी बोललो नाही. आमटी अळणी आहे एवढंच म्हणालो. अळणी नव्हती.

मग ईद आली. ईदला कारागीर आपापल्या गावी जातात, लूम थांबतात, आमचंही काम थंडावतं. त्या वर्षी आम्ही दोन आठवडे दुकान बंद ठेवायचं ठरवलं. असं जास्त दिवस बंद असलं की बाबा मीटरमधले सेल काढून ठेवतात. सेल आत राहून फुटले तर त्यांचं पाणी सेलला टेकणाऱ्या पट्ट्या खाऊन टाकतं. शेवटच्या दिवशी त्यांनी चाचपत मागचं झाकण उघडलं, दोन्ही पेन्सिल सेल काढले, ड्रॉवरमध्ये ठेवले, मीटर कपाटात ठेवला आणि चावी माझ्या हातात दिली. ‘‘कपाट लाव आणि ये,’’ म्हणाले. ते दोघं रिक्षाकडे गेले.

दुकानात एक जुना रेडिओ होता. त्याचे सेल संपत आले होते, आवाज घोगरा येत होता, आणि एक सेल बुडाशी फुगला होता. मी ते काढून मीटरमध्ये घातले आणि ड्रॉवरमधले चांगले सेल रेडिओत. दोन मिनिटांचं काम. माझा विचार एवढाच होता की सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी सेल बाबांनीच घातलेत असं समजून तिने टोकं जोडावीत, चक्री फिरवत राहावी, काटा शून्यावर येऊ नये आणि बाबांसमोर तिची जरा फजिती व्हावी. एवढ्या क्षुल्लक गोष्टीसाठी मी एवढा खाली उतरलो.

दुकान उघडलं तो दिवस तापलेला होता. दोन आठवडे पत्र्याखाली सगळं भाजून निघालं होतं. बाबांनी तिला सेल घालायला सांगितलं. तिने ड्रॉवर उघडला, तो रिकामा होता, मग मीटरचं झाकण उघडलं. सेल फुटले होते. पट्ट्यांवर हिरवा-पांढरा थर चढला होता, स्प्रिंग कुजून तुटली होती.

‘‘काय झालं?’’ बाबांनी विचारलं.

‘‘सेल आतच हायत, मामा. फुटलेत.’’

बाबांनी बोटं पुढे केली, त्या खरबरीत थराला हात लावला. ‘‘मी काढले होते,’’ ते म्हणाले. आणि थोड्या वेळाने, ‘‘काढले होते ना मी?’’

ती माझ्याकडे बघत होती. मी म्हणालो, ‘‘माझं लक्ष नव्हतं.’’

पुढच्या आठ दिवसांत बाबा माझ्या डोळ्यांदेखत म्हातारे झाले. गोळी घेतली का, हे दोनदा विचारायचे. गॅस बंद आहे का बघायला अर्ध्या रस्त्यातून परत जायचे. टेबलावर यायचंच त्यांनी सोडलं. ‘‘डोळे गेले होते, आता डोकंही चाललं,’’ असं एकदा शेजाऱ्याला म्हणाले, तेही हसत. तरी मी खरं सांगितलं नाही. खरं सांगायचं तर त्या आठ दिवसांतही माझ्या मनात एक कोपरा होता जो म्हणत होता, बरं झालं, आता ती दोघं एका टेबलावर बसत नाहीत. हे लिहिताना लाज वाटते, पण होता.

नवव्या दिवशी बाबा घरी होते. दुकानात आम्ही दोघंच. तिने रेडिओ लावला. आवाज खणखणीत आला. तिने तो बंद केला, पाठीमागून उघडला आणि दोन्ही सेल काढून माझ्यासमोर ठेवले. त्यांच्यावर बारीक अक्षरात पेनाने तारीख लिहिलेली होती.

‘‘मीटरला नवीन सेल घातले की मी तारीख लिवते,’’ ती म्हणाली. ‘‘फुटलेल्या सेलवर न्हवती. मला पैल्याच दिवशी कळलं व्हतं. वाटलं, तुमी स्वतःहून बोलाल.’’

मी काहीतरी पुटपुटलो. चूक झाली, तुला त्रास द्यायचा नव्हता, असलं काहीतरी.

‘‘मला नका सांगू. मला काय व्हायचंय? मामा स्वतःला येडं समजायला लागलेत. त्यांना सांगा. आज न्हाय सांगितलं तर मी सांगीन.’’

‘‘तुला राग नाही आला?’’

‘‘आला. लय आला. पण तो आपला आपण बघू.’’

मी शटर ओढलं आणि घरी गेलो. बाबा खाटेवर बसून औषधाच्या पाकिटावरची अक्षरं बोटाने चाचपत होते. मी उभ्यानेच सांगून टाकलं. सेल तुम्ही काढले होते. मी जुने घातले. का घातले, तेही सांगितलं.

मला वाटलं, आता हात उचलतील. बाबा म्हणाले, ‘‘म्हणजे मी विसरलो नव्हतो?’’

‘‘नाही.’’

‘‘ड्रॉवरमध्ये ठेवले होते. डाव्या कोपऱ्यात.’’

‘‘हो. तिथेच होते.’’

त्यांनी डोळे मिटले आणि मोठा श्वास सोडला. माझ्यावर रागवायचं त्यांना सुचलंच नाही, इतके ते सुटल्यासारखे झाले होते. राग दुसऱ्या दिवशी आला. तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी दुकानात येऊन माझ्यासमोर तो खराब झालेला मीटर ठेवला आणि म्हणाले, ‘‘तू बिघडवलास, तूच नीट कर. आणि हवा होता तर मागायचास. मी वाट बघत होतो.’’

‘‘तुम्ही कुलूप लावलं होतं.’’

‘‘तुझा हात वाचला म्हणून मी देवाला नारळ फोडला होता. कुलूप मला भीती वाटत होती म्हणून लावलं.’’

मी स्क्रू काढायला घेतले.

मीटर नीट करायला तीन दिवस लागले. स्पिरिटमध्ये कापूस बुडवून थर काढला, पट्ट्या बारीक पॉलिश पेपरने घासल्या, तुटलेल्या स्प्रिंगच्या जागी दुसरी डाग देऊन बसवली. काच काढली नाही, काट्याला फुंकरसुद्धा मारली नाही, कारण तिने बजावलं होतं की आत सुताची धूळ गेली तर काटा अडकतो. ती शेजारी उभी राहून सांगत होती आणि मी दातओठ खात ऐकत होतो. शेवटी नवे सेल घातले, टोकं जोडली. काटा शून्याच्या थोडा अलीकडे थांबला.

‘‘चक्री फिरवा. हळू,’’ ती म्हणाली.

‘‘माहीत आहे मला.’’

‘‘मग फिरवा ना.’’

काटा शून्यावर आला. बाबांनी विचारलं, ‘‘आला?’’ आम्ही दोघं एकदमच हो म्हणालो.

त्यानंतर बाबांनी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. आता ते दुपारपर्यंतच दुकानात असतात. तपासणीचं टेबल तिचं आहे. मी कधीकधी बसतो तिथे, पण मोटर अडली की गिऱ्हाईक तिलाच विचारतं.

यंदा तिने वायरमनच्या परीक्षेचा फॉर्म भरला. मी तिला गाडीवर ठाण्याला घेऊन गेलो आणि केंद्राच्या बाहेर झाडाखाली तीन तास उभा राहिलो. तेवढ्या वेळात दोनदा माझ्या मनात आलं की ती रडत बाहेर आली तर मला फार वाईट वाटणार नाही. दोन्ही वेळा मी पाणी प्यायला गेलो.

ती बाहेर आली ती हसत. ‘‘सोपा व्हता पेपर,’’ म्हणाली. ‘‘भूक लागलीय, चला.’’

कोपऱ्यावर मिसळ मिळत होती. तिने प्रश्नपत्रिका टेबलावर पसरली आणि एकेका प्रश्नावर बोट ठेवून मला विचारत गेली, याचं काय लिहिलं असतंत? चौथ्या प्रश्नाला माझं उत्तर चुकलं. तिने ते सांगितलं, रश्शाची वाटी माझ्याकडे सरकवली आणि पाचवा प्रश्न वाचायला लागली.