लाखाच्या वरचा फुटाणा

"बाईचा पगार बंडीभर, अन् हाती येते बोंडभर," असे यवतमाळच्या त्या गल्लीत कुंदाताई पांढरीपांडे यांच्याविषयी बोलले जाई. बैलगाडीभर पगारातून कापसाचे एक बोंड, या बोलण्यात कुत्सितपणा नव्हता. काळजीच होती, पण ती जरा चवीने केली जात असे. कुंदाताई महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र विभागाच्या प्रमुख होत्या, एकट्या राहत होत्या, गल्लीत सर्वांत मोठा पगार त्यांचा होता, आणि २००६ सालच्या जानेवारीत त्यांनी अचानक दूध एक लिटरवरून अर्ध्यावर आणले होते. एवढ्यावरून गल्लीने जे ओळखायचे ते ओळखले.

दूध कमी होण्याचे खरे कारण असे, की दुपारचा चहा कुंदाताई आता घरी घेत नव्हत्या. तो त्या महाविद्यालयाच्या लेखा विभागात, खानझोडे साहेबांच्या टेबलासमोर बसून घेत होत्या.

अनंत खानझोडे हे तिथले लेखापाल. विधुर, काटेकोर आणि मितभाषी. ते हसले, तर आवाज होत नसे. फक्त खांदे हलत. जानेवारीत सर्व प्राध्यापकांकडून वर्षाच्या बचतीचा तपशील मागवला गेला, तेव्हा कुंदाताई एक साधी शंका घेऊन त्यांच्याकडे गेल्या होत्या. फंडातली वर्गणी वाढवली तर कर किती कमी होतो, एवढेच विचारायचे होते. साहेबांनी खणातून फुटाण्यांची पुडी काढली आणि दहा फुटाणे ओळीने टेबलावर मांडले.

"हे तुमचे हजार रुपये," ते म्हणाले. "तुमच्या उत्पन्नाच्या वरच्या थराला तीस टक्के कर आहे. फंडात टाकलेली रक्कम त्याच थरातून वजा होते. पगारात घेतले असते, तर यातले तीन फुटाणे सरकारचे. फंडात टाकले, तर दहाही तुमच्याच नावावर. म्हणजे हातातून गेले सात, आणि म्हातारपणासाठी साठले दहा."

त्यांनी तीन फुटाणे बाजूला सारून दाखवले. कुंदाताईंनी ते सरकारचे तीन फुटाणे उचलले आणि खाऊन टाकले. साहेबांचे खांदे हलले.

एक्कावन्नाव्या वर्षी असल्या गोष्टींची सवय राहिलेली नसल्यामुळे कुंदाताईंना आधी पित्त झाले असावे असे वाटले. त्यांनी आमसुलाचे सार करून घेतले. त्याने काही फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशी मुळांचे प्रकार शिकवताना त्या मधेच स्वतःशी हसल्या, आणि पहिल्या बाकावरच्या मुलींनी मुळांमध्ये हसण्यासारखे काय आहे ते वहीत शोधून पाहिले. संध्याकाळी ऑटोवाल्याला घरचा पत्ता सांगण्याऐवजी त्यांनी महाविद्यालयाचाच सांगितला, आणि तो बिचारा जिथून निघाला होता तिथेच उभा राहिला.

मग त्या रोज शंका काढू लागल्या. विम्याचा हप्ता यात धरतात का? स्त्रियांना सूट अधिक असते ती किती? व्यवसाय कर हा वेगळा कशासाठी? उत्तरे त्यांना ठाऊक होती. कर तर पहिल्याच बैठकीत समजला होता. पण शंकेवाचून त्या खुर्चीवर बसण्याचा अधिकार पोहोचत नव्हता. शिवाय दिवस थोडे होते. खानझोडे साहेब फेब्रुवारीअखेर निवृत्त होत होते. त्यांची मुलगी आभा पुण्याला होती. तिने दोन मार्चचे तिकीट काढूनही पाठवले होते. त्यानंतर त्यांचे घर भाड्याने जाणार, आणि लेखा विभागात कुणी तरुण माणूस येऊन संगणकावर कर काढणार होता. फुटाण्यांवर नव्हे.

तोंडी शंका संपल्या तेव्हा कुंदाताईंनी जानेवारीच्या पगारापासून फंडाची वर्गणी पाच हजारांवरून वीस हजारांवर नेली. त्यासाठी चार दिवस चर्चा करावी लागली. ते चार दिवस फार चांगले गेले. शेवटी साहेबांनी समाधानाने पेन्सिल खाली ठेवली. विम्यासकट वर्षाची बचत बरोबर एक लाखावर बसली होती.

"आता थांबायचं," ते म्हणाले. "सूट लाखापर्यंतच आहे. पुढचे पैसे साठतील, पण कर एका रुपयानेही उतरणार नाही."

कुंदाताईंनी हे ऐकले, मान डोलावली आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा वर्गणी वाढवण्याचा अर्ज केला. नियमाने वर्षातून दोनदा वाढवता येत होती. एक संधी शिल्लक होती, ती वाया कशी घालवायची? साहेबांनी पुन्हा दहा फुटाणे मांडले, या वेळी ते लाखाचे, अकरावा जरा दूर ठेवला आणि त्या एकट्या फुटाण्याकडे सरकारचे लक्ष नसते, हे समजावून सांगितले.

"तरी वाढवा," कुंदाताई म्हणाल्या.

इकडे गल्लीत प्रकरण वेगळ्याच वाटेने चालले होते. जानेवारीची पगारपत्रिका कुंदाताईंनी शेजारच्या कोकिळाबाईंना हसत हसत दाखवली होती. आपल्याला आलेले हसू एकटीने आवरत नाही म्हणून दाखवली, पण कोकिळाबाईंनी पाहिला तो शेवटचा आकडा. त्यांना हसू आले नाही. त्याच संध्याकाळी त्या ज्वारी, तुरीची डाळ आणि पदराखाली वांगी घेऊन आल्या.

कोकिळाबाईंचे शेत दारव्ह्याकडे होते. त्या हंगामात कापसाचा भाव पडला होता, आणि त्यांचे यजमान मारोतराव यांनी भाव येईल या आशेने सारा कापूस घरी आणून बैठकीच्या खोलीत खिडकीपर्यंत भरला होता. पाहुणा आला की त्याला स्वयंपाकघरात बसवावे लागे. अशा घरातून डाळ येत होती. नको म्हणावे, तर कारण सांगावे लागले असते. कुंदाताईंनी डाळ घेतली, दार लावले, आणि त्यांना पहिल्यांदाच आपल्या आनंदाची लाज वाटली. हे आता मिटवले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. कसे मिटवायचे, ते मात्र सुचेना, आणि महिना संपत आला.

अठ्ठावीस फेब्रुवारीला त्या निरोपासाठी महाविद्यालयाच्या बागेतली शेवंती घेऊन लेखा विभागात गेल्या, तर त्यांच्या खुर्चीवर मारोतराव बसलेले. मांडीवर पिशवी. फेब्रुवारीच्या पगारात बाईंच्या हाती हजारसुद्धा आले नाहीत, ही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली होती. आज ते सोक्षमोक्ष लावायला आले होते.

"मले फक्त येवढं सांगा साहेब," ते म्हणत होते, "आमच्या मॅडमचा पगार जाते कुठी?"

खानझोडे साहेबांनी निरोपाचा हार बाजूला केला, पुडी काढली, दहा फुटाणे मांडले आणि सवयीने अकरावा जरा दूर ठेवला. सातांचा, तीनांचा सारा हिशेब मारोतरावांनी लक्षपूर्वक ऐकला.

"म्हंजे माह्या कापसावानीच," ते म्हणाले. "आज हाती नाही, पण घरात आहे."

"अगदी तसंच. तुमच्या कापसापेक्षा भावाची खात्री थोडी जास्त."

"अन् हा अकरावा?"

"तो लाखाच्या वरचा. त्याला करात काही फायदा नाही."

"मंग थो कायले टाकून राह्यल्या त्या?"

साहेबांनी पेन्सिल उचलून मनातले रकाने तपासले. उत्पन्न, वजावट, सूट, कर. कुठल्याच रकान्यात हा अकरावा फुटाणा बसत नव्हता. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि दाराकडे पाहिले. दारात शेवंती घेऊन कुंदाताई उभ्या होत्या.

"मॅडम," ते हळू म्हणाले, "हे मी तुम्हाला तीनदा सांगितलं होतं."

"चारदा," कुंदाताई म्हणाल्या.

  मग त्या टेबलापाशी गेल्या आणि बाजूला काढलेले सरकारचे तीन फुटाणे उचलून त्यांनी शांतपणे खाल्ले.

खानझोडे साहेबांचे खांदे हलले नाहीत.  मग त्यांनी तो दूर ठेवलेला, लाखाच्या वरचा, ज्याचा कुणाला फायदा नव्हता असा एकटा फुटाणा उचलला आणि कुंदाताईंच्या तळहातावर ठेवला. आणि तेव्हा त्यांचे खांदे असे काही हलू लागले, की गळ्यातला हार नसता काढला तर तुटलाच असता.

मारोतरावांनी एकदा इकडे पाहिले, एकदा तिकडे पाहिले, आणि ते पिशवी घेऊन उठले.

"वांगे आणले होते मॅडमसाठी," ते म्हणाले. "वापस नेत होतो. पण राहू द्या, दोघांले पुरतीन."

पुण्याचे तिकीट रद्द झाले. आभा फोनवर आधी रागावली, मग वडिलांचे नवे कपडे घेऊन स्वतःच आली. मे महिन्यात नोंदणी पद्धतीने लग्न झाले. जेवणाची पंगत कोकिळाबाईंकडे बसली. भाव काही आला नव्हता. मार्च सरता सरता मारोतरावांनी मिळेल त्या दराने कापूस विकून टाकला होता, आणि रिकामी झालेली ती बैठक त्यांनी कुणाला न विचारता झाडून, सारवून पंगतीला दिली होती. कोपऱ्यात कुठे कुठे कापसाचे पांढरे पुंजके अजून चिकटलेले होते.

पंगत रंगली. खानझोडे साहेब वांग्याची भाजी तिसऱ्यांदा मागत होते. वाढता वाढता कोकिळाबाई कुंदाताईंच्या पानापाशी थांबल्या. गल्लीचा जुना प्रश्न अजून त्यांच्या मनात होताच, आणि आज तो साऱ्या गल्लीसमोर विचारायची सोय होती.

"पण मॅडम, येवढा पगार कापू कापू शेवटी हाती आलं काय तुमच्या?"

कुंदाताईंनी भाताचा घास संपवला.

"नवरा आला. आणि त्यावर कर नाही."