विणलेल्या दोरीची गाठ

मी पत्रकांवर वाढले. नागपुरातल्या आमच्या घरात पुस्तकं दोनचार, पत्रकं मात्र गठ्ठ्यांनी. वडील एका लहानशा छापखान्यात शिशाचे अक्षरखिळे जुळवायचे आणि ट्रेडल हे पायाने चालणारं यंत्रही चालवायचे. मला अक्षरओळख झाली ती त्या उलट्या खिळ्यांवरून. त्यामुळे लिहायला बसले की पहिलं वाक्य आरोपाचंच निघतं. याही वेळी आरोप आहे, पण तो माझ्यावर.

नागपूरजवळच्या खाप्याला माझे मामा कन्हान नदीवर मासे धरायचे. नदीत कोणी बुडालं की पोलीसही मामांनाच बोलावणं पाठवायचे. चार काट्यांचा लोखंडी गळ दोरीला बांधून मामा डोंग्यातून डोहाचा तळ चाळत. या कामाचं ते कोणाकडून काही घेत नसत. त्यांच्या घरची रीत अशी की गळाची गाठ बाईने मारायची आणि पाण्यात पुरुषाने उतरायचं. गाठ पाण्यात जाण्याआधी ती ओली करून काठावरच्या बाभळीला टांगायची, खाली दगड लटकवायचा आणि मामांची एक विडी संपेपर्यंत तिच्याकडे बघत बसायचं. गाठ हलली नाही तरच डोंगा सुटायचा. मामी गेल्यावर गाठीचं काम माझ्याकडे आलं. मामींनीच मला ते शिकवलं होतं.

आणीबाणी उठली त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. थंडी सरत आली होती. रेतीच्या ठेकेदाराने नदीचं पात्र इतकं खोल खणलं होतं की गुडघाभर पाण्यातून चालणारा माणूस पुढचं पाऊल टाकायचा आणि दिसेनासा व्हायचा. रेती भरणारा एक मजूर असाच गेला. माझ्याच वयाचा, बावीस-तेवीसचा. ठेकेदाराच्या मुनशीने दुपारच्या आत बाकीचे मजूर दुसऱ्या घाटावर हलवले आणि गावात सांगितलं की पोरगा बुडालेलाच नाही, काम सोडून भिलाईला पळाला. प्रेत सापडलं नाही, तर हेच खरं ठरणार होतं. त्याच्या आईला ते कळत होतं. ती काठावर येऊन बसली ती उठेचना.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाप्याला पोचले. मामांची तागाची दोरी कुजली होती, म्हणून त्यांनी माझ्याकडे निरोप पाठवला होता. निघण्याआधी मी नागपुरातच जरीपटक्याच्या बाजारातून नायलॉनची दोरी घेतली होती. पीळ दिलेली नव्हे, वेणीसारखी विणलेली, पांढरी आणि गुळगुळीत. दुकानदार म्हणाला होता, बैल बांधा, तुटणार नाही. येताना बसमध्ये मी ठेकेदाराविरुद्धचं पत्रकही लिहून काढलं होतं.

मामांनी दोरी बोटांत चोळून पाहिली. "हे गळाले बांधाले आणली का नवरीच्या डोक्यात घालाले?"

मी त्यांना पत्रक दाखवलं.

"तुह्या कागदानं माणूस वर येत असता, त मी डोंगा काहून ठेवला असता?" ते म्हणाले आणि वल्हं काढायला गेले.

मी गाठ मारली. मामींची नेहमीची, गळाच्या कडीतून एक वेढा आणि त्यावर दोन अर्ध्या गाठी. तागाच्या दोरीवर ही गाठ पाण्यात फुगायची आणि स्वतःलाच चावून धरायची.

"टांगली का?" मामांनी विचारलं.

"मामा, हे बैलालेही तुटत नाई. ते बाई कालपासून उपाशी बसून आहे. अन् तुमाले विडी फुकाची पडली!"

मग विडी कानावर ठेवून ते डोंग्यात बसले.

तासाभराने दोरी ताणली गेली. मामा हातावर हात टाकत सावकाश ओढू लागले. आधी केस दिसले, मग चेहरा. चेहरा अगदी धड होता. आई उठून उभी राहिली. "आला वं! आला माहा पोरगा!" शाळेतून लेकरू घरी यावं तशी ती म्हणाली.

आणि मामा डोंग्यात मागे कोसळले.

दोरी त्यांच्या हातात मोकळी आली. तिच्या टोकाला थोडे वळसे राहिले होते, वेणी सोडल्यावर केसांत राहतात तसे. दोरी तुटली नव्हती. गाठ सुटली होती.

मुनशी काठावरच उभा होता. आईने त्याला विचारलं, "पाह्यलं ना गा तुमी? पाह्यलं ना?"

"लाकूड होतं बाई," तो म्हणाला. "ओंडका."

पोलिसांचा शिपाई अजून आला नव्हता. म्हणजे कागदावर त्या दिवशी काहीच वर आलं नाही.

मामा मला रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते बाभळीखाली बसले, दुसरा गळ घेतला, उरलेल्या दोरीवर माझीच गाठ मारली, ओली केली आणि दगड टांगला. विडी अर्धीही जळली नव्हती, तोच दोरीचं शेपूट अळीसारखं आत सरकत गेलं आणि दगड धप्पकन पडला. मग त्यांनी वेढे वाढवले. दोनाचे तीन, तिनाचे पाच. गाठ उशिरा सुटली, पण सुटली.

"ही दोरी चावतच नाई," ते म्हणाले. "हिले दुहेरीच बांधा लागते."

त्यांनी दोरी दुमडून दुहेरी केली, तो दुमडा गळाच्या कडीतून ओवला, त्याची साधी सैल गाठ मारली आणि पुढे उरलेल्या फासातून अख्खा गळ, काट्यांसकट, बाहेर काढला. मग थुंकी लावून गाठ हळूहळू आवळली. झटका देऊन नव्हे. झटक्याने ही दोरी घासून स्वतःलाच जाळते. दगड टांगला. एक विडी संपली. त्यांनी दुसरी पेटवली, तीही संपली. गाठ जिथल्या तिथे होती.

"विडी कशाले फुकतो ते समजलं का आता?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्या आईकडे पाहण्याची माझी हिंमत नव्हती.

पुढचे दोन दिवस गळ रिकामा आला. बुडालेला देह माझ्या सुटलेल्या गळासकट धारेने कुठेतरी ओढून नेला होता. तिसऱ्या दिवशी तो खालच्या अंगाला, उंबराच्या मुळांखाली सापडला. माझा पहिला गळ वाटेतच निसटून गेला होता; या खेपेला गाठ टिकली. पण चेहरा उरला नव्हता. माशांनी आणि कासवांनी काय केलं होतं ते मी लिहिणार नाही. त्याच्या आईने ते पाहिलं, एवढं पुरे.

आता शिपाई हजर होता, पंचनाम्याचे कागद घेऊन. आणि मुनशीही.

"हा कोण, कोणाले माहीत?" मुनशी म्हणाला. "वरच्या अंगाले गावं काय कमी आहेत?"

शिपायाने लिहिलं : अनोळखी पुरुष.

आई पुढे झाली. तिने देहाच्या कमरेचा करदोडा बोटाने वर उचलला. "हे गाठ माही आहे. पोळ्याले मीच बांधून देल्ली."

"बाई, अख्ख्या जिल्ह्याच्या कमरेले करदोडा आहे," शिपाई म्हणाला. तो दुष्ट नव्हता, कंटाळलेला होता.

मामा वाकले आणि बराच वेळ ती गाठ बघत राहिले. "साहेब, ही गाठ उलटी पडली आहे. बांधणारं माणूस डावखुरं पाह्यजे." मग त्यांनी माझ्या त्या पांढऱ्या दोरीचा एक तुकडा कापून आईच्या हातात दिला. "बांध बाई. तशीच बांध."

लेकाच्या देहाशेजारी रेतीत बसून तिने गाठ बांधली. डाव्या हाताने. काळ्या गाठीशेजारी पांढरी गाठ धरली तेव्हा दोन्ही एकाच बाजूला वळलेल्या होत्या. शिपाई कधी या गाठीकडे, कधी त्या गाठीकडे पाहत होता. त्याने 'अनोळखी' खोडलं नाही. खाली एक ओळ वाढवली : आई म्हणवणाऱ्या स्त्रीने करदोड्याच्या गाठीवरून ओळखले.

आई म्हणवणाऱ्या! पहिल्याच दिवशी तो धड चेहरा काठाला लागला असता, तर त्या बाईला आपण आई असल्याची परीक्षा द्यावी लागली नसती. खड्डा ठेकेदाराचा होता, खोटं मुनशीचं होतं. ही परीक्षा माझ्यामुळे झाली.

नागपूरला येऊन मी पत्रकात माझ्या गाठीबद्दल एक वाक्य घातलं. वडिलांनी ते जुळवलं, वाचलं आणि चिमट्याने एकेक खिळा परत पेटीतल्या त्याच्या घरात टाकला. "ठेकेदार नेमकं हेच उचलेल," ते म्हणाले. "पत्रकात आपली चूक लिहीत नसतात." ठेकेदाराबद्दल त्यांचं म्हणणं खरं होतं. मी पत्रक त्या वाक्यावाचून निघू दिलं.

त्या आईला वाचता येत नव्हतं. खाप्याला जाऊन मीच ते तिला वाचून दाखवलं, सगळं, आवाज चढवून. तिने मन लावून ऐकलं.

"चांगलं लिवलं," ती म्हणाली. थोड्या वेळाने तिने विचारलं, "अन् तुह्या गाठीचं काहून नाई लिवलं वं?"

म्हणून ते आता इथे लिहिते आहे. वडिलांनी काढलेलं ते वाक्य असं होतं : गाठ मी मारली होती, आणि ती टांगून पाहिली नव्हती.