पायाची बोटं पाहणाऱ्या कुसुमताई

ड्रेसिंग सुरू करण्याआधी कुसुमताई ढोबळे रुग्णाच्या पायांवरची चादर घोट्यापर्यंत वर सरकवायच्या. भाजलेला हात असो की छाती, पाय आधी उघडे करायचे. मला वाटायचं, असेल एखादी जुनी सवय. कधी विचारलं नाही.

रायपूर छत्तीसगढची राजधानी होऊन काही वर्षं झाली होती. नवनव्या संस्था निघत होत्या, त्यातल्याच एकीत औषधनिर्माणाची नोकरी घेऊन मी सांगलीहून आले होते. आम्ही भाजलेल्या जखमेसाठी पट्टी तयार करत होतो. झिंग्याच्या टरफलांतून काढलेल्या द्रव्याचा पातळ पापुद्रा आणि त्यात मुरवलेलं बधिर करणारं औषध. पट्टी जखमेवर बसली की औषध हळूहळू झिरपत राहावं आणि दुखणं कमी व्हावं, अशी कल्पना होती. चाचणी एका सरकारी इस्पितळाच्या जळीत वॉर्डात होती. तिथलं ड्रेसिंग कुसुमताईंकडे. माहेर वर्ध्याचं, नवरा रेल्वेत, घर रायपूरच्याच ब्राह्मणपारा मोहल्ल्यात, आणि या एका कामात तीस वर्षं गेलेली.

पहिल्या दिवशी मी पट्टीची माहिती सांगू लागले, तर त्यांनी मध्येच अडवलं. "मले काय सांगून राहिली? जिच्या अंगावर लावणार, तिले सांग."

ती म्हणजे फूलबाई. आरंगकडच्या खेड्यातली. भाताची उकळती पेज सांडून तिचा उजवा हात कोपरापासून खांद्यापर्यंत भाजला होता. माझ्या हिंदीला ती नुसती मान डोलवत होती, म्हणून ताईंनीच तिला छत्तीसगढीत सगळं समजावलं, झिंग्यासकट. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "इथं कंठी घालणारे लोक मासळीले शिवत नाहीत. नंतर कळलं तर जखम भरंल, मन नाही भरणार." फूलबाईच्या गळ्यात कंठी नव्हती. ती हसून "हव", म्हणजे हो, म्हणाली.

प्रत्येक ड्रेसिंगनंतर मी विचारायचे, शून्य ते दहामध्ये किती दुखलं? फूलबाई म्हणायची, "ठीक हे, दीदी." मी 'दोन' लिहायचे. बाकीच्या रुग्णांचंही तसंच. महिन्याभरात कागद इतके छान दिसू लागले, की आमचे साहेब खूश झाले. अहवालावर ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरची सही लागायची. ताईंनी कागद वाचला आणि परत केला.

"सही नाही करत मी."

"का ताई?"

"काहून म्हणजे? तिनं दोन कुठं सांगितलं? ती 'ठीक हे' म्हणाली. पांढरा कोट पाहून या बाया दुसरं काय म्हणतील? तोंडाले नको विचारू, पोरी. पायाच्या बोटाले विचार."

मला राग आला. तरी पुढच्या ड्रेसिंगला मी फूलबाईच्या पायांशी उभी राहिले. ताईंनी जुनी पट्टी काढायला घेतली. ती कडेला सुकून जखमेला चिकटली होती. ताई सलाइनचं पाणी सोडत, अगदी हळू उचलत होत्या. तरीही फूलबाईच्या पायाची बोटं आत वळली, इतकी घट्ट की नखं पांढरी पडली. चेहरा मात्र तसाच. नवी पट्टी बसली, थोडा वेळ गेला आणि बोटं सैल झाली. म्हणजे आमचं औषध काम करत होतं, पण पट्टी काढताना तेवढंच दुखणं आम्ही परत देत होतो. महिनाभर मी हे तीन फुटांवरून पाहत होते आणि पाहिलं नव्हतं.

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "अहवालात काय पायाची बोटं लिहिणार?" मी लिहिली. वर 'दोन'चे आकडे चुकीचे आहेत, हेही लिहिलं. चाचणी थांबली आणि दोन दिवस संस्थेत कोणी माझ्याशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी ताईंनी डब्यातली भाकरी माझ्यापुढे धरली. "हे पाह्य, मधात नरम, किनार कडक. तुझी पट्टी अशी सुकते. किनार सुधार."

त्यात आमचे कितीतरी महिने गेले. ओलावा धरून ठेवणारी, पाण्याने सुटणारी पट्टी तयार झाली, तोवर फूलबाई पुन्हा भरती झाली होती. कोपर आखडलं होतं, ते मोकळं करायला मांडीची कातडी काढून लावली होती. तिच्या संमतीने नवी पट्टी मांडीवरच्या त्या जखमेवर बसवली. काढायच्या दिवशी मी पायांशीच उभी होते. पट्टी निघत गेली, बोटं हलली नाहीत. शेवटच्या कोपऱ्याशी मात्र फूलबाईने ताईंचं मनगट धरलं. "इहाँ पिराथे, दीदी!" इथे दुखतंय.

ताईंचा चेहरा खुलला. "लिही, लिही! आता खरं बोलली बाई."

त्या निवृत्त होऊन मुलीकडे वर्ध्याला निघाल्या, तेव्हा मी स्टेशनवर गेले होते. त्यांच्या जागी आलेल्या नव्या सिस्टरचं मी कौतुक केलं. हात चांगला आहे, फक्त पट्टी काढताना जरा घाबरते, म्हटलं.

"घाबरू दे तिले," ताई खिडकीतून म्हणाल्या. "ज्या दिवशी ती घाबरायची बंद होईल, त्या दिवशी तिले त्या वॉर्डातून काढायले सांग."