परबांच्या घरी चढलेल्या चार विटा

आधी चहा संपवा बघू. माझी फजिती ऐकताना घोट घशात अडकला तर मला बोल लावू नका! मूर्खपणा मी जन्मभर पुष्कळ केला, पण सोसायटीच्या सेक्रेटरीला सोबत घेऊन, मोजायची टेप घेऊन, असा रीतसर मूर्खपणा एकदाच केला. तो हा.

मुलुंडला आमची तीन मजली बिल्डिंग. रंगीत टीव्ही नुकते आले होते, ते दिवस. दुसऱ्या मजल्यावर आम्ही, आणि भिंतीला भिंत लागून परब. भास्कर परब एका लहानशा कारखान्यात मशीनवर होता, कामाला वाघ. त्याची बायको नलू. पोरगी गोड, पण तोंडाला कुलूप! पहिल्या मजल्यावर कर्णिक. ते सोसायटीचे सेक्रेटरी, आणि परबच्याच कारखान्यात सुपरवायझर. येत्या सोमवारी कारखान्यात नवा चार्जमन, म्हणजे मशीनवाल्यांचा मुकादम, नेमायचा होता. कर्णिक ज्याचं नाव सांगतील तो होणार, आणि परबचं नाव सगळ्यांत पुढे होतं.

हे मला कुणी सांगितलं? अहो, कुणी सांगायला कशाला लागतं? मला कळतं.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात परब गायब! नलूला जिन्यात गाठलं तर म्हणाली, "हे देवगडला गेलेत. घराची कौलं चाळायला."

मी घरी येऊन आमच्या ह्यांना म्हटलं, "बघा! चार्जमनची खुर्ची दारात आली आणि हा कौलं चाळतोय!"

"तू पीठ चाळ," हे म्हणाले आणि पेपरात घुसले.

मंगळवारी हमालाच्या डोक्यावरून एक लांबरुंद फळी आली. "फळी कशाला गं?" "कपाटाला, वहिनी." ठीक आहे. बुधवारी नलू बाजारातून आली. पिशवीतून मेथीची जुडी डोकावत होती आणि बाई मात्र एका अंगाला कलली होती. शेजारधर्म म्हणून मी पिशवीला हात घातला. बाप रे! हात खांद्यातून निखळायचा बाकी!

"मेथीखाली काय गं हे?"

"कांदे."

आता मला सांगा, कांद्याला कोपरे असतात? माझ्या मांडीला चांगले टोचले!

चैन पडेना. आमच्या मागे नवीन बिल्डिंगचं काम चाललं होतं. तिथल्या रखवालदाराला सहज विचारलं. म्हणाला, "वो दूसरे माले की बाई ना? कल दो ईंट लेके गयी, आज भी दो."

चार विटा! मेथीखालून!

गुरुवारी दोरी आणि कप्पी आली. विहिरीवर असते ना, तसली कप्पी. दुसऱ्या मजल्यावर कसली आलीय विहीर? आणि त्याच दुपारी भिंतीपलीकडून पुरुषाचा आवाज! मी भिंतीला पेला लावला. नाकं मुरडू नका, तुम्हीही लावला असता.

"हळू... हळू... आणखी एक वीट घाल... आये गे, मेलंय! दोरी वायच ढिली कर!"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. फळी, विटा, दोरी, कप्पी. नवरा गावाला गेलेला बघून ही बाई गुपचूप माळा बांधून घेतेय! गवंडी आत लपवलाय. गवंडीसुद्धा मालवणीच गाठलाय, आणि मेला घरमालकिणीला 'ढिली कर' म्हणतोय!

ह्यांनी पेपर खाली केला. "अगं, चार विटांत माळा होतो?"

"आज चार आहेत! ताजमहाल काय एका दिवसात झाला? आणि दांडे आपल्याच भिंतीत ठोकणार. भिंत कोसळली तर कोणाच्या उशाशी?"

"तुझ्या," हे म्हणाले. "माझी उशी तिकडे आहे."

असल्या माणसाशी काय बोलायचं? शनिवारी संध्याकाळी मी थेट कर्णिकांकडे गेले. विनापरवाना बांधकाम म्हटल्यावर त्यांनी टेप काढली, नियमांचं पुस्तक काढलं, आणि वरात निघाली. पुढे ते, मागे मी.

नलूनं दार चार बोटं उघडलं. कर्णिकांना बघून तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"माळा बघायचाय," कर्णिक म्हणाले.

"कसला माळा?"

"आता कसला विचारते!" म्हणत मी दार ढकललं आणि आत घुसले. हो, मीच. कर्णिक माझ्या मागून आले.

खोलीत पलंग. पलंगावर ती फळी. फळीवर उताणा भास्कर परब! कमरेला रुंद पट्टा, पट्ट्याला दोरी, दोरी पायथ्याच्या कप्पीवरून खाली, आणि टोकाला लोंबतेय तीच मेथीची पिशवी. आत चार विटा.

कर्णिकांनी टेप गुंडाळून खिशात घातली.

"परब," कर्णिक म्हणाले, "देवगडची कौलं झाली का चाळून?"

परब उठायला गेला आणि "आये गे!" करून परत आडवा झाला. डोळ्यांत पाणी. "साहेब, कंबर धरली. डॉक्टरांनी वजन लावून पडून राहा म्हणून सांगितलं. तुम्हाला कळलं असतं तर चार्जमन हातचा गेला असता, म्हणून खोटं बोललो."

"कशानं धरली?"

नलूच्या तोंडाचं कुलूप उघडलं ते नेमकं तेव्हा. माझ्याकडे बोट करून म्हणाली, "ह्यांचा गॅसचा सिलिंडर वर आणून दिला ना, तेव्हा!"

अहो, खरंच! गेल्या रविवारी मीच तर "भास्कर, जरा हात लाव रे" म्हटलं होतं. त्यानं सरळ पायांनी कमरेतून वाकून एका झटक्यात उचलला होता, आणि मी टाळ्या वाजवल्या होत्या! आता माझे हात कुठे ठेवू ते कळेना.

मला वाटलं, संपलं. पोराची कंबर घेतली ती घेतली, आता चार्जमनपणही घेतलं. पण कर्णिक पलंगापाशी गेले आणि पिशवीत डोकावले.

"चारच? मला पाच लावायला सांगितल्या होत्या."

"तुम्हाला?" परबनं विचारलं.

कर्णिकांनी दार लावून घेतलं आणि बुशशर्ट वर केला. आत कमरेला पट्टा! "दोन वर्षं झाली," म्हणाले. आणि मी इतके दिवस त्यांच्या ताठ चालण्याला रुबाब समजत होते!

मग दोघांचं जे सुरू झालं, काय सांगू! दुखणं मांडीपर्यंत उतरतं का? पाय बधिर होतो का? सकाळी उठताना जास्त दुखतं की बसून? मी तोंड उघडं टाकून ऐकत होते. कर्णिक म्हणाले, "पाय बधिर नाही ना, मग घाबरू नकोस. आणि असा दिवसच्या दिवस पडून राहू नकोस रे, कंबर गंजते. मी पंधरा दिवस पडलो, तर उठायला महिना लागला. थोडं थोडं चालायला लागलो तेव्हा सुटलो. कुशीवर वळून ऊठ. आणि वजन उचलायचं तर गुडघ्यात वाकून, वस्तू पोटाशी धरून."

"पण साहेब, चार्जमन..."

"चार्जमननं वजन उचलायचं नसतं. दुसऱ्यांनी नीट उचललं की नाही ते बघायचं असतं. कंबर मोडलेला माणूस ते बरोब्बर बघतो. पुन्हा खोटं मात्र बोलू नकोस."

नलू रडायलाच लागली. मीही डोळे पुसले. तेवढ्यात कर्णिक माझ्याकडे वळले. "कुंदावहिनी, माझा पट्टा ह्या चार भिंतींत राहिला पाहिजे. वरच्या साहेबांच्या कानावर गेलं तर माझी वाट लागेल, आणि मग परबचं नाव कोण सांगणार?"

मी गणपतीची शप्पथ घेतली. आणि पाळली हो! शनिवार गेला, रविवार गेला. ह्यांनासुद्धा एक अक्षर बोलले नाही. हे मला दोनदा विचारून गेले, "बरं नाही का तुला?"

सोमवारी परब जपून, एकेक पाऊल टाकत, कारखान्यात गेला आणि चार्जमन होऊन आला. नलूनं पेढे वाटले. तळमजल्यावरची सुलभा पेढा तोंडात टाकत म्हणाली, "बरं झालं बाई. परबची कंबर धरलीय हे चालण्यावरूनच दिसतं, कर्णिकांनी बरोबर ओळखलं असणार. त्यांच्याही कमरेला पट्टा आहेच ना."

पेढा माझ्या हातात तसाच राहिला. "तुला कोणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मागच्या गॅलरीत दर रविवारी धुऊन वाळत घालतात. दोन वर्षं बघतोय आम्ही. अख्ख्या बिल्डिंगला ठाऊक आहे."

"अख्ख्या? मग मला कुणी कसं नाही बोललं?"

सुलभानं माझ्याकडे अशा मायेनं बघितलं म्हणून सांगू! "अगं कुंदा, त्यांची नोकरी टिकायला हवी होती ना!"