गादीवाल्याचा चेंडू जातो कुठे?

बाजाराच्या मागच्या गल्लीत गाद्यांचं एक दुकान आहे. मालक बुटके, रुंद, चेहऱ्याने शांत, आणि अंगावर कुठे ना कुठे कापूस चिकटलेला. मिशीत असला तर तो मिशीचाच भाग समजायचा. सगळे त्यांना तोंडावर शेठ म्हणतात आणि पाठीमागे गादीवाला. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी आधी दिवाणावर कोपर रुतवणार, ते किती आत जातं आणि किती उत्साहाने वर येतं ते बघणार, आणि मग घरच्यांची तब्येत विचारणार.

तर हे शेठ गोल्फ खेळतात. हसू नका. निदान आत्ताच नको, पुढे जागा आहे.

झालं असं, की चौकातल्या दातांच्या डॉक्टरांची कंबर धरली होती. दिवसभर लोकांच्या तोंडात वाकून दुसरं काय होणार? शेठनी त्यांना एक गादी करून दिली. अशी दिली, की डॉक्टर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात उशिरा आले आणि चक्क हसत आले. पेशंट घाबरले. त्या आनंदात डॉक्टरांनी आपली एक जुनी गोल्फची काठी आणि डबाभर चेंडू शेठना भेट दिले. डॉक्टर स्वतः दर रविवारी गावाबाहेरच्या क्लबात खेळायचे, आणि सोमवारी त्याविषयी बोलायचे. पेशंटचं तोंड उघडं आणि कापसाने भरलेलं, त्यामुळे कुणी अडवायचं नाही.

शेठनी दुकानामागच्या गोदामात भिंतीला एक जाडजूड गादी उभी केली, समोर चेंडू ठेवला आणि काठी हाणली. धप्प! चेंडू गादीत शिरला, क्षणभर विचार करून बाहेर पडला आणि लोळत लोळत शेठच्या पायाशी आला. शेठ जागच्या जागी प्रेमात पडले.

त्या दिवसापासून रोज दुपारी, गिऱ्हाईक नसलं की, गोदामातून धप्प, धप्प ऐकू यायचं. शेठ फटका मारला की डोळे मिटायचे आणि नुसता आवाज ऐकायचे. आवाजावरून त्यांना सगळं कळायचं म्हणे. "हा दोनशे यार्ड गेला असता," म्हणायचे. "हा तर तळ्यापलीकडे." कुठलं तळं, ते विचारायची कुणाची छाती नव्हती. वर्षानुवर्षं हा माणूस गोल्फ खेळला आणि त्याचा एकही चेंडू चार हातांपलीकडे गेला नाही.

मधे एकदा घोटाळा झाला. फटके खाल्लेली गादी चुकून विकली गेली. शेठ माफी मागायला गिऱ्हाइकाच्या घरी गेले, तर त्या बाई म्हणाल्या, "अहो, बदलून कसली देताय? ह्या खळग्यात माझा खुबा असा बसतो, की बास! माझ्या जावेलाही अशीच करून द्या." झालं. चार-सहा जणांनी 'गोल्फची गादी' मागितली. शेठची मान इतकी ताठ झाली, की खोळ शिवायलाही ती वाकेना.

आता मूळ गोष्टीकडे येऊ. डॉक्टर आणि त्यांचे मित्र दरवर्षी डोंगराकडच्या एका प्रदेशात गोल्फ खेळायला जायचे. तिथे निळी तळी, पडके किल्ले, जुने राजवाडे, आणि त्या सगळ्याच्या मधोमध हिरवंगार गोल्फचं मैदान. ह्या वर्षी मित्रांपैकी एकाने ऐनवेळी अंग काढून घेतलं. डॉक्टर थेट दुकानात आले.

"शेठ, तुम्ही चला. वहिनींनाही घ्या. आमची ही पण येतेय."

"मी?" शेठच्या हातातली सुई थांबली.

"मग काय, गोदामात म्हातारे होणार?"

आतून वहिनी, म्हणजे शेठच्या पत्नी, पदराला हात पुसत आल्या. ह्या बाईंना इतिहासाचं भारी वेड. वाचनालयातलं राजेराण्यांचं एकही पुस्तक त्यांच्या तावडीतून सुटलेलं नाही. शेजारणींच्या भांडणांची चौकशीसुद्धा त्या "उत्तरेकडच्या आघाडीवर काय चाललंय?" अशी करतात.

"तिथला तो राणीचा किल्ला आहे ना, भावजी? वेढा पडल्यावर जिने तटावरून उकळतं तेल ओतलं?"

"त्याच्या पायथ्याशीच तर खेळतो आम्ही! सातव्या होलपाशी दोन राजांची लढाई झालीय. अजून तिथे आमचेही बळी जातात."

"आम्ही येतो," वहिनी म्हणाल्या. नवऱ्याकडे बघितलंही नाही.

इथवर सगळं ठीक होतं. पण निघता निघता डॉक्टरांनी एक घोडचूक केली. म्हणाले, "हॉटेल तुम्हीच ठरवा, शेठ. गादीतलं तुम्हाला कळतं."

अहो, असं बोलतात का गादीवाल्याला!

दुसऱ्या दिवसापासून शेठ फोनला चिकटले. पहिलं हॉटेल जुन्या राजवाड्यातलं होतं. मॅनेजर मोठ्या तोऱ्यात म्हणाला, "साहेब, खुद्द महाराज ज्या गादीवर झोपायचे, ती तुमच्या खोलीत आहे."

"तीच?"

"तीच!"

"मधे कधी पिंजली?"

मॅनेजर झुंबरांविषयी बोलू लागला. शेठनी फोन ठेवला. "सडलेल्या कापसावर झोपायला मी काय राजा आहे?"

दुसऱ्या हॉटेलच्या मॅनेजरला त्यांनी गादीवर कोपर रुतवायला लावलं.

"रुतवलं, साहेब."

"किती आत गेलं?"

"सगळंच."

"आता काढा."

बराच वेळ नुसती झटापट ऐकू आली. शेठनी मान हलवली आणि पुढचा नंबर लावला. तिसऱ्या ठिकाणचा मॅनेजर गरीब बिचारा होता. शेठनी त्याला सांगितलं, बाबा, तूच जरा आडवा हो आणि पाठीला कसं वाटतं ते सांग. तो झाला आडवा. थोड्या वेळाने फोनमधून संथ घोरणं येऊ लागलं.

वहिनी शेजारीच उभ्या होत्या. "माणूस झोपला, अहो! अजून काय दाखला हवा?"

"दमलेला माणूस दगडावरही झोपतो," शेठ म्हणाले आणि फोन ठेवून दिला.

असे दिवस जाऊ लागले. त्या प्रदेशातल्या हॉटेलांत म्हणे बातमी पसरली, की कुणीतरी सरकारी अधिकारी गाद्यांची तपासणी करतोय. दोन ठिकाणी तर घाबरून नव्या चादरी घातल्या. शेवटी शुक्रवारी डॉक्टरांचा फोन आला.

"शेठ, उद्या संध्याकाळपर्यंत सांगा. नाहीतर तुमची जागा एक्स-रेवाल्याला देतो. तो माणूस जमिनीवर झोपायला तयार आहे."

"बघतो, बघतो," शेठ म्हणाले.

वहिनींनी नवऱ्याचा चेहरा बघितला. जागा जाणार म्हणून माणसाचं तोंड कसं उतरायला हवं! ह्यांच्या चेहऱ्यावर तर शाळेला सुट्टी मिळाल्यासारखा आनंद होता. इतकी वर्षं ज्या माणसाच्या शेजारी झोपल्या, तो गादीवर कसा पडतो त्यावरून त्याच्या पोटात काय आहे हे वहिनींना कळायचं. फोनवर हॉटेल नाकारलं, की रात्री शेठ पसरून झोपायचे. एखादं हॉटेल बरं निघालं, की कुशीवर कुशी. पाणी कुठेतरी वेगळंच मुरत होतं.

दुपारी गोदामातून धप्प ऐकू आलं, तशा त्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"हा कुठे गेला असता?"

"किल्ल्याच्या बुरुजापर्यंत," शेठ डोळे मिटूनच म्हणाले.

"नक्की?"

शेठनी डोळे उघडले. पायाशी आलेला चेंडू उचलला. सदऱ्याला पुसला. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "इथे आहे तोवर बुरुजापर्यंतच जातो गं. तिथे गेल्यावर कुठे जाईल, कुणास ठाऊक."

"म्हणजे इतके दिवस गाद्यांना नावं ठेवलीत, ती ह्याच्यापायी?"

"डॉक्टरांना वाटतं मी पट्टीचा खेळाडू आहे. गिऱ्हाइकांना वाटतं. मलाही वाटतं. एका फटक्यात सगळं जायचं."

"आणि माझी राणी? ती बसली असेल तिकडे तेल तापवत!" वहिनी म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "उद्या सकाळी टेम्पो काढा. गावाबाहेरच्या माळावर जाऊ. कुणी नाही बघायला. मी आहे, पण मी तुम्हाला ह्याहून वाईट अवस्थेत बघितलंय."

सकाळी दुकानाचा टेम्पो माळावर येऊन उभा राहिला. चिटपाखरू नव्हतं. लांब काही शेळ्या चरत होत्या. शेठनी काठी काढली, खिशातून चेंडू काढला, गवतावर ठेवला, पण काठी ठरेना, चेंडूला नुसत्या टपल्याच मारू लागली.

"गादी समजा!" वहिनी ओरडल्या.

शेठनी काठी उचलली आणि हाणली. डोळे मिटले. आवाजाची वाट बघत उभे राहिले. पण धप्प काही येईना. वारा आला, शेळी ओरडली, धप्प नाही.

"कुठे गेला?" त्यांनी डोळे किलकिले केले.

"अहो, डोळे का मिटलेत?"

"सवय! कुठे गेला, सांग ना!"

"सरळ! अगदी सरळ गेला!"

"सरळ? खरंच? अरे देवा, आणि मी बघितलाच नाही! दे, दुसरा चेंडू दे."

"माझ्याकडे कुठला? तुम्ही आणलेत ना?"

शेठनी दोन्ही खिसे उलटे केले. त्यांच्याकडे एकच चेंडू होता. घरी डबाभर पडले होते, पण गोदामात एकाच चेंडूने भागायचं. मारला की येतोच परत! चेंडू गेल्यावर तो आणायला जावं लागतं, हे ह्या खेळाडूला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

नवरा-बायको शोधायला निघाले. सरळ गेले, आणखी सरळ गेले. काटे टोचले, वहिनींची चप्पल तुटली. चेंडूचा पत्ता नाही. परत येताना शेठना तो दिसला. पार डाव्या अंगाला, शेळ्यांच्या पलीकडे, एका झुडपात. एक शेळी त्याला चाटून बघत होती.

"सरळ गेला म्हणालीस ना?"

"सुरुवातीला सरळच होता," वहिनी म्हणाल्या. "पुढे त्याच्या मनात काय आलं, मला काय माहीत?"

शेठनी तोंड फिरवलं. आता हे टेम्पोत जाऊन बसणार, असं वहिनींना वाटलं. राणी गेली, किल्ला गेला, तळी गेली. पण शेठ तिथेच झुडपापाशी थांबले. शेळीला हाकललं, ओला चेंडू विजारीला पुसला, गवतावर ठेवला.

"तू माझ्याकडे बघू नकोस. त्याच्याकडे बघ. आणि मी डोळे मिटतोय असं वाटलं तर ओरड."

"ओरडते!"

काठी वर गेली. "उघडे ठेवा! उघडे! उघडे!" वहिनींनी असा आरडाओरडा केला की शेळ्या उधळल्या. काठी खाली आली. टक्! आवाज अगदीच फालतू, गोदामात शेठनी असल्या आवाजाला ढुंकून विचारलं नसतं. पण चेंडू उडाला. वर गेला, आणखी वर गेला, उन्हात एवढासा पांढरा ठिपका झाला, मग आकाशातच डावीकडे वळला, वळतच राहिला, आणि माळाच्या टोकाशी, ओढ्याच्या पलीकडे कुठेतरी दिसेनासा झाला.

शेठ तोंड उघडं टाकून उभे. दातांच्या डॉक्टरांना आयतं तपासता आलं असतं.

"वाकडा गेला," वहिनी जपून म्हणाल्या.

"अगं, पण केवढा उंच जातो तो!" शेठ म्हणाले. "केवढा उंच! मला कुणी सांगितलंच नाही!"

त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून डॉक्टर म्हणाले, "काय शेठ, मिळाली का मनासारखी गादी?"

"गादी गेली खड्ड्यात! डॉक्टर, माझा चेंडू डावीकडे गेला. इतका डावीकडे, इतका डावीकडे, म्हणून सांगतो! ओढ्यापलीकडे! तुमचा गेलाय कधी?"

तेवढ्यात वहिनींनी फोन हिसकावून घेतला.

"भावजी, आम्ही येतोय. हॉटेल तुम्हीच बघा, ह्यांना विचारू नका. आणि हो, येताना चेंडू पोतंभर घ्या."