पोल्ट्रीच्या शेडमधली वहिवाट

माझं माहेर खडकीचं. वडील दारूगोळा कारखान्यात होते आणि आम्ही राहायचो क्वार्टरमध्ये, म्हणजे सरकारच्या घरात. भिंतीत खिळा ठोकायचा तरी वडील दहा वेळा विचार करायचे. जागा आपली नाही, हे तिथे प्रत्येकाला पाठ होतं, त्यामुळे जागेवरून कुणी कुणाशी भांडत नसे. लग्न होऊन कोथरूडच्या पलीकडच्या गावात आले आणि जागेपायी माणूस किती प्रकारे संशय घेऊ शकतो, याचं माझं शिक्षण सुरू झालं. गाव नुकतंच महापालिकेत गेलं होतं. कंपन्यांच्या पांढऱ्या बसगाड्या सकाळ-संध्याकाळ धूळ उडवत जायच्या. शेतं विकून संपत आली होती आणि घरोघरी नवी कोरी मोटार दारात उभी होती, पण तिच्यात बसून जायला कुणाला कुठे काम नव्हतं.

आमचीही जमीन गेली होती, आणि चांगला भाव घेऊन गेली होती. रडायचं काही कारण नव्हतं. उरला होता अकरा गुंठ्यांचा एक तुकडा. दोन बाजूंना इमारती, तिसरीकडे ओढा आणि मध्ये बंद पडलेली पोल्ट्रीची शेड. सातबारा सासऱ्यांच्या नावावर. त्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. तुकड्याच्या समोरून मोठा रस्ता होणार होता. तो झाला की जागा बिल्डरला द्यायची, हे आमच्या ह्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. आबांशी बोलणं झालं नव्हतं. सहीचं काय, सांगितल्यावर करतील, असं हे म्हणायचे आणि मीही मान डोलवायचे.

अशात नगरसेवकाचा निरोप आला. आर्किटेक्चर शिकवणाऱ्या एक बाई आहेत, त्यांना तीन महिने शेड हवी आहे. पाच जण तिथे राहतील, भंगारातून बाकं, बसथांब्याचं छप्पर, पोरांची खेळणी असं काहीबाही बनवतील आणि ते सगळं नव्या वस्तीत बसवलं जाईल. या प्रकाराला म्हणे रेसिडेन्सी म्हणतात. ते ऐकून हे बिचकलेच. कारण आमच्याकडे प्रत्येक दुसऱ्या इमारतीच्या पाटीवर रेसिडेन्सी लिहिलेलं होतं आणि तिथे राहायला आलेला माणूस काही तीन महिन्यांनी उठून जात नसे.

नगरसेवकाला नाही म्हणायची सोय नव्हती, रस्ता त्याच्याच हातात होता. पण हो म्हणून बसल्यापासून ह्यांची झोप उडाली. एकदा माणूस आत बसला की त्याला उठवायचा कसा? वहिवाट हा शब्द मी सासरी येऊन शिकले. जो जागा वापरतो, तिथे उठतो-बसतो, त्याचा हळूहळू तिच्यावर हक्क लागतो, कागद काही का म्हणेना. आमच्या घराला हे दुसऱ्या कुणी शिकवायची गरज नव्हती, कारण घरात जमीन आली तीच तशी. आबांचे वडील पेठेतल्या एका मालकाची शेती कसायचे. कायदा आला, जमीन कसणाऱ्याची झाली आणि मालक पेठेत हात चोळत बसला. ही गोष्ट घरात मोठ्या अभिमानाने सांगितली जायची. आता मालकाच्या जागी आपण आहोत, हे ध्यानात आल्यावर मात्र तो अभिमान पार उतरला.

मग बंदोबस्त सुरू झाला. कुलूप आमचं, विजेचं मीटर आमच्या नावावर. एक म्हैस आणून शेडच्या दाराशी बांधली, का तर आमचा गोठा चालू आहे असं दिसावं. म्हैस चुलत दिरांची, उसनी आणलेली. आमच्याकडे दूध पिशवीचं यायचं. आणि या सगळ्यावर वरताण म्हणजे आबांची खाट शेडमध्ये नेऊन टाकली. मालक स्वतः जागेवर मुक्कामाला आहे म्हटल्यावर दुसऱ्या कुणाची वहिवाट लागणार? आबा लगेच उठले. घोंगडी, तंबाखूची चंची आणि तांब्या घेतला आणि निघाले. मला वाटलं, बिचारे, पोराच्या शब्दाबाहेर नाहीत. दुपारी डबा घेऊन जायचं, तिथे काय चाललंय ते बघायचं आणि संध्याकाळी ह्यांच्या कानावर घालायचं, हे काम माझ्याकडे आलं. खोटं कशाला सांगू, ते मला आवडत होतं. नव्या बंगल्यात दिवसभर फरशा पुसण्यापेक्षा हेरगिरी केव्हाही बरी.

पाहुणे आले ते टेम्पोभर कचरा घेऊनच. पाडलेल्या घरांच्या विटा, खिडक्यांच्या चौकटी, टायर, जाहिरातींचे फाटके फ्लेक्स, वॉशिंग मशीनचे ड्रम. जे टाकून द्यायला लोक पैसे मोजतात ते ही माणसं आनंदाने घरात आणत होती, एवढंच संशयाला पुरेसं होतं. बाई मला समजावून सांगायच्या की शहर एकीकडे घरं बांधतं आणि दुसरीकडे घरंच फेकून देतं. त्या फेकलेल्यातूनच रस्त्यावरच्या माणसाला सावली आणि टेकायला जागा करता येते. मी अगदी खरं आहे म्हणायचे आणि घरी येऊन सांगायचे की बाईंचं बोलणं फार गोड आहे, जपून राहा.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्यांनी टेप लावून शेड मोजली. झालं. मोजणी केली, मोजणी केली, म्हणून हे चप्पल न घालता धावले. बाकं किती मावतील ते बघत होतो, असं त्यांनी सांगितलं, पण त्यावर विश्वास ठेवायला आम्ही काय दूधखुळे होतो? मग एकदा त्यांच्यातल्या कुणाचं तरी कुरिअर आलं, शेडच्या पत्त्यावर. पत्ता म्हणजे पुरावा. ह्यांनी ते वाटेतच अडवलं, कुरिअरवाल्याला झापलं आणि ह्यापुढे सगळं नगरसेवकाच्या ऑफिसात द्यायला सांगितलं. आत काय होतं? कुणाच्या तरी आईने पाठवलेले लाडू. निम्म्या वाटेत त्यांचा भुगा झाला होता. पुढच्या आठवड्यात पोरांनी छपराचा नमुना उभा करायला खड्डा खणून दोन खांब सिमेंटमध्ये रोवले, तेव्हा तर कहर झाला. सिमेंट म्हणजे पाया आणि पाया म्हणजे बांधकाम. ह्यांनी दोन माणसं आणून ते ओले खांब उपटून टाकले. पोरं बघत राहिली. आबाही खाटेवरून बघत होते.

त्या पाचांत विदर्भातली एक मुलगी होती. कंपनीतली चांगली नोकरी सोडून आलेली. मला तिचाच सगळ्यात जास्त संशय होता. चांगली नोकरी सोडून कुणी टायर कापायला येतं का? काहीतरी भानगड असल्याशिवाय नाही. मी तिला आडून आडून विचारलं, लग्न ठरलंय का, घरच्यांशी पटत नाही का, कंपनीने काढलं का. ती हसून म्हणायची की काही नाही वहिनी, कंटाळा येऊन राहिला होता. कंटाळा! कंटाळ्यावर नोकरी सोडायची असती तर मी लग्नानंतर महिन्याभरातच सासर सोडलं असतं.

आबांचं मात्र तिच्याशी जमलं. सुरुवातीला त्यांनीही तिची रीतसर उलटतपासणी घेतली, गाव कुठलं, शेती किती, पाणी आहे का. मग खाटेवर बसून हुकूम सोडायला लागले. हे असं नको, ते तसं कर. बाकाला पाठ टेकायला काही करू नका, नाहीतर लोक उठायचेच नाहीत, असं त्यांचं म्हणणं. पोरं हो आबा, हो आबा म्हणायची आणि आपल्याला हवं तेच करायची. आबांना त्याचं काही वाटत नसे. कुणीतरी हो आबा म्हणतंय, यातच ते खूष होते. बंगल्यात त्यांना जिन्याखालची खोली दिली होती, त्यांच्या गुडघ्यांचा विचार करून. तिथे दिवसभर त्यांना कुणी काही विचारत नसे, आणि त्यात वावगं काही आहे असं तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

शेडच्या मागच्या कोपऱ्यात पोरांनी एक मोठा फ्लेक्स पडद्यासारखा लावला होता. पलीकडे मुली झोपत असतील म्हणून मी तिकडे कधी डोकावले नाही. एकदा आबा त्या मुलीला खिडकी कुठल्या अंगाला बरी, असं विचारताना कानावर आलं. म्हाताऱ्या माणसाच्या गप्पा, त्यात काय सांगायचं, म्हणून ते मी ह्यांना सांगितलं नाही. माझं सगळं लक्ष कुंपणावर, टेपवर आणि सिमेंटच्या गोण्यांवर होतं.

तीन महिने संपले आणि पोरं खरंच निघाली. बाकं चौकात बसली, बसथांब्याला छप्पर आलं, नगरसेवकाने फीत कापली आणि फोटोत मधोमध उभा राहिला. बाईंनी शेड झाडून दिली आणि किल्ली ह्यांच्या हातात ठेवली. ह्यांना ते सहनच झालं नाही. इतक्या सहज कोण जातं? काहीतरी घेऊन गेले असणार. ह्यांनी कुंपणाचे दगड तपासले, मीटर तपासलं, नगरसेवकाला दोनदा फोन करून आमच्या जागेबद्दल कुणी काही अर्जबिर्ज दिलाय का ते विचारलं. काहीच निघालं नाही; मागच्या फ्लेक्सपुढे आबांची खाट होती, तिकडे कुणी बघितलंच नाही. म्हैस परत गेली. आबांना घरी चला म्हटलं, तर म्हणाले, उद्या येतो. दुसऱ्या दिवशीही उद्याच म्हणाले. पोरांची सवय लागली असेल, चार दिवसांत कंटाळतील, असं म्हणून आम्ही सोडून दिलं.

त्याच आठवड्यात रस्त्याची मंजुरी आली. बिल्डरचा माणूस शुक्रवारी कागद घेऊन घरी येणार असं ठरलं. आता आबांना आणणं भाग होतं. गुरुवारी सकाळी आम्ही दोघंही शेडवर गेलो. खाट जागेवर नव्हती.  ह्यांनी मागच्या कोपऱ्यात जाऊन तो फ्लेक्स ओढला.

फ्लेक्सच्या मागे खोली होती. चांगली विटांची, छातीपर्यंत भिंत आणि वर जुन्या चौकटींच्या खिडक्या, तीन वेगवेगळ्या घरांतून आलेल्या, तीन रंगांच्या. वॉशिंग मशीनच्या दाराची गोल काच ओढ्याच्या बाजूला बसवली होती. ज्या खांबांवरून एवढा गदारोळ झाला होता तेच खांब आत पक्के रोवलेले होते. कोनाड्यात तांब्या, दोरीवर धोतर, कोपऱ्यात चूल. चौकटीला दार होतं आणि दारातल्या खाटेवर आबा बसले होते.

हे भयंकर भडकले. मग त्या पोरांना, बाईंना, नगरसेवकाला शिव्या देऊन झाल्या. मी तुम्हाला राखण करायला बसवलं होतं आणि तुमच्या नाकासमोर बांधकाम झालं, असं हे ओरडले. आबांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्याच बांधून घेतलं. पोरं न्हाई म्हणत व्हती, तुझ्या भ्यानं. म्या हट्टानं करून घेतलं."

कशासाठी, असं ह्यांनी विचारलं.

"तू मला पोरांवर ध्यान ठेवाया बसवलंस. म्या तुझ्यावर ठिवत हुतो. पोरं तीन महिन्यांनी जाणार, ते मला पहिल्याच दिशी कळलं. तू जाणार न्हाईस." आबा अजिबात रागावलेले नव्हते. "वहिवाट कशी लागती ते माझ्या बापानं मला दावलंय. आता उठवा मला."

मला त्यांचा संताप आला. जमीन तुमची, सातबारा तुमचा, आणि पोटच्या पोरापासून राखायला तुम्ही असं चोरून घर बांधता? हे मी बोललेही असते. पण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मला शुक्रवार आठवला. बिल्डरच्या माणसासाठी पोह्यांचं सामानसुद्धा मी आणून ठेवलं होतं. त्याला चहाबरोबर काय द्यायचं यावर आमचं घरात बोलणं झालं होतं, आणि ज्यांची सही हवी त्यांच्याशी झालं नव्हतं. मला लाज वाटली, आणि ती लपवायलाही जागा नव्हती.

"सूनबाई, तू ये आत," आबा म्हणाले. मी चपला काढून आत गेले. ह्यांनी माझ्यामागून पाय टाकला, तर आबांनी नुसता हात आडवा केला. दटावून नव्हे, सहज. कुठल्याही घराच्या दारात अनोळखी माणसाला थांबवतात तसा.

हे थांबले. एवढा मोठा माणूस, गावात ज्याच्या शब्दाला वजन, तो आपल्याच बापाच्या दारात उंबऱ्याबाहेर उभा राहिला.  मग हे अगदी हळू आवाजात म्हणाले, "आबा, आत येऊ का?"

आबांनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं.

"काय काम हाय?" त्यांनी विचारलं.

 ह्यांच्या शर्टाच्या खिशाला लावलेलं सहीचं पेन तेवढं दिसत होतं.