राजदूतशी बोलणारे भासरे

आमचे भासरे पेट्रोल आधी हुंगत, मगच टाकीत ओतू देत. भद्रावतीच्या पंपावर सगळे ओळखायचे त्यांना. नळी थेट टाकीत सोडायची नाही, हा त्यांचा नियम. घरून पांढऱ्या काचेची बाटली न्यायची, तिच्यात पेट्रोल घ्यायचं, उन्हाकडे धरून पाहायचं, मग नाकाशी न्यायचं. पंपावरचा माणूस वैतागून म्हणायचा, भाऊ, सारं गाव हेच पेट्रोल टाकून राह्यलं. त्यावर हे शांतपणे म्हणायचे, "साऱ्या गावाच्या गाड्या नव्या आहेत. नव्याले काही बी चालते."

भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. नाव तुळशीराम. मी लिहितेय म्हणून नाव आलं, नाहीतर तोंडातून कधी निघालं नाही. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोने भासऱ्यांसमोर डोक्यावर पदर घ्यायचा, त्यांचं नाव घ्यायचं नाही, आणि त्यांच्याशी समोरासमोर बोलायचं नाही. त्यांनीही बोलायचं नाही. काही सांगायचं असेल तर मध्ये माणूस लागतो. मी लग्न होऊन आले तेव्हा मध्ये सासूबाई होत्या. एका खोलीत तिघं बसलेलो असायचो आणि ते सासूबाईंना म्हणायचे, "तिले सांग, भाजीत मीठ नाई." मी सासूबाईंना म्हणायची, त्यायले सांगा, मिठाचा डबा त्यायच्या बाजूलेच आहे. अशी आमची बोलणी.

पुढे सासूबाई गेल्या. मग मध्ये माझे मालक होते, काही वर्षांनी तेही गेले. भासऱ्यांची बायको तर फार आधीच वारलेली, मूलबाळ नाही. माझा गजानन मोहर्लीला सफारीची जीप चालवायला गेला, तिकडेच राहू लागला. घरात उरलो आम्ही दोघं, आणि मध्ये कोणीच नाही.

मध्ये उभी राहिली ती राजदूत.

ती गाडी तुम्ही पाहिली असेल, नसेल तर आजोबांना विचारा. काळी, जड, टू-स्ट्रोक. कधीच बनायची बंद झाली. चालायला लागली की फट्-फट्-फट् असा आवाज अर्ध्या कोसावरून यायचा आणि मागे निळा धूर. त्या धुराला एक गोडसर जळका वास असतो, अजून कुठे आला तर माझी मान वळते. आम्ही तलावात मासे धरणारी माणसं. पहाटे जाळ्यात आलेले रोहू, झिंगे भासरे ॲल्युमिनियमच्या डब्यांत बर्फ घालून राजदूतवर बांधायचे आणि खाणीच्या कॉलनीच्या बाजारात न्यायचे. चैत्रात बाया मोह वेचायला जंगलात वाकलेल्या असायच्या. वाघाची धास्ती आमच्याकडे सगळ्यांनाच. हा आवाज आला की एकमेकींना म्हणायच्या, चाल व, माणूस आहे जवळपास.

तर एका सकाळी भासरे गाडी पुसत होते. मी चूल पेटवत होते. ते गाडीलाच म्हणाले, "राजदूत, आज भाकर जराशी नरम पायजे. दात दुखून राह्यला." मी थबकले. मग मीही गाडीकडे तोंड करून म्हटलं, राजदूत, भात टाकते, भाकरीचं राहू दे. तेव्हापासून आमचं बोलणं सुरू झालं. शेजारची कमल हसायची. पण रीतही मोडली नाही आणि घरही मुकं राहिलं नाही.

माणूस मात्र अतिशय संशयी. असा संशयी माणूस मी पाहिला नाही. राजदूतचं कुलूप साध्या खिळ्यानेही उघडतं, हे त्यांना ठाऊक होतं, म्हणून कुलपावर भरवसा नव्हता. रात्री चाकाला आणि खालच्या जमिनीला मिळून खडूची एक रेघ ओढायचे. सकाळी दोन्ही रेघा जुळल्या तर चहा प्यायचे. एकदा मी अंगण सारवताना जमिनीवरची रेघ पुसली गेली, तर दिवसभर माझ्याकडे असं पाहत होते जसं मीच गाडी घेऊन चंद्रपूरला जाऊन आले. गावाला जायचं झालं की प्लग काढून खिशात. गजाननच्या लग्नातल्या फोटोत त्यांच्या नव्या सदऱ्याच्या खिशावर काळा डाग आहे. लोकांना वाटतं, फोटो खराब झाला. तो प्लग आहे.

गाडीची कोणी तारीफ केली की हे सावध. म्हणायचे, "गाडीची तारीफ करणारा अन् पोरीची तारीफ करणारा, दोघायचं काम एकच. घेऊन जायाचं."

मलाही त्यांचा संशय होता, खोटं कशाला सांगू. पेट्रोल आणलं की ते बाटली घेऊन कोठीत जायचे आणि दार लावायचे. आतून खळखळ आवाज. थोड्या वेळाने तोंडावर समाधान घेऊन बाहेर. मी नवी होते तेव्हा मला वाटायचं, मोहाची दारू. सासूबाईंच्या कानावर घातलं, तर त्या म्हणाल्या, "नाई व. तेल मिसळून राह्यला. त्या गाडीच्या पेट्रोलात तेल मिसळा लागते. किती, ते तो कोणाले सांगत नाई. मले बी नाई." तेल कमी पडलं तर इंजिन जाम होतं, जास्त झालं तर धूर आणि प्लग काळा. ते माप त्यांच्याजवळ. माप दुसऱ्याला कळलं की गाडी दुसऱ्याची झाली, असं त्यांचं गणित.

गजाननवर त्यांचा जीव होता आणि संशयही तेवढाच. यातलं काही खोटं नव्हतं. मोहर्लीला येणाऱ्या पाहुण्यांना जुन्या गाड्यांचं भारी वेड. गजाननने मोबाईलमध्ये राजदूतचा फोटो काढून नेला, तेव्हाच भासरे मला, म्हणजे गाडीला, म्हणाले, "राजदूत, तुह्या लग्नाचा फोटो काढला पोट्ट्यानं."

आणि आलाच पाहुणा. पुण्याकडचा, अर्धी चड्डी घातलेला, बोलायला गोड. गाडीभोवती फिरला, टाकीवर हात फिरवला, माझ्या वडिलांकडे अशीच होती म्हणाला. भासरे जाळं विणत बसले होते, मान वर केली नाही. पाहुण्याने एक चक्कर मारू का विचारलं. मला वाटलं आता भांडण होणार. तर हे उठले, स्वतः चावी लावली, पेट्रोलचा कॉक उघडला, आणि बाजूला झाले. मी मनात म्हटलं, हे काहीतरी वेगळं आहे.

पाहुण्याने किक मारली, पण अर्धीच. गाडी सुरू झाली. त्याने गियर टाकला, क्लच सोडला, आणि राजदूत पुढे जायचं सोडून मागे निघाली. थेट उकिरड्यात. जुन्या टू-स्ट्रोकला ही खोड असते, किक नीट बसली नाही तर इंजिन कधी कधी उलटं फिरायला लागतं. पाहुणा शेणात बसलेला आणि गाडी त्याच्या बाजूला फटफटते आहे. भासरे गेले, गाडी बंद केली, उचलली. हसले नाहीत.

"अर्ध्या मनानं किक मारली का असंच होते," एवढंच म्हणाले.

त्यांनी आधी इंजिनात काही करून ठेवलं होतं का, हा संशय मला आजही आहे.

पाहुणा गेला पण गजानन तापला. म्हणाला, आई, सांग त्यायले, आता सुटे भाग भेटत नाईत, अंगणात सडून जाईल. त्याचंही चूक नव्हतं. गाडी भंगारात जाण्यापेक्षा कोणाच्या घरी नीट राहील, असं त्याचं म्हणणं. भासऱ्यांनी ऐकून घेतलं आणि पहिल्यांदा त्याच्याशी सरळ बोली केली. "ज्या दिवशी चालू होणार नाई, त्या दिवशी घेऊन जाजो. हर पोळ्याले येऊन पाहाजो."

पोळ्यालाच का, तेही सांगते. आमच्याकडे बैल नव्हते. मासे धरणाऱ्यांना बैल कशाला. पण भासरे पोळ्याला राजदूत धुवायचे, हँडलला बेगड लावायचे, सीटवर झूल घालायचे आणि ढकलत तोरणाखाली बैलांच्या रांगेत नेऊन उभी करायचे. सुरुवातीला गावकऱ्यांनी हरकत घेतली. हे म्हणाले, "बैल वखर ओढते, ही मासोया ओढते. दोघं बी वर्षभर राबले." मग कोणी बोललं नाही. बैल बुजतात म्हणून तिथे गाडी सुरू करायची नाही, एवढी अट. पोळा फुटला की ढकलत घरी आणायची, मी ओवाळायची, आणि मग हे किक मारायचे.

त्या बोलीनंतरचा पहिलाच पोळा आला, आणि त्यांचा उजवा गुडघा आषाढापासून सुजलेला. त्यांचं बाजाराला जाणं बंद झालं होतं. रोज सकाळी गाडीवर नुसते बसायचे, पाय उचलायचे, आणि खाली ठेवायचे. मी चुलीजवळून पाहायची. ते मला दिसतंय हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचाही त्यांना संशय, की ही पोराला कळवणार.

गजानन आला तो मित्राचा छोटा टेम्पो घेऊन. भासरे लंगडत गेले, टेम्पोत डोकावले, परत आले. गाडीला म्हणाले, "राजदूत, पोळ्याले कोणी पुरणपोळी घेऊन येते, कोणी नारळ. हा दोर अन् ताडपत्री घेऊन आला."

मी गजाननकडे पाहिलं. त्याने मान खाली घातली.

शेजाऱ्यांच्या मदतीने गाडी तोरणाला नेली आणि परत आणली. मी आरती घेऊन उभी. भासरे सीटवर बसले. गुडघ्यावर हात ठेवून पाय उचलला, तो किकपर्यंत गेला, पण दाबला जाईना. पुन्हा उचलला. कपाळावर घाम. आजूबाजूची माणसंही जमली. शेवटी पाय खाली ठेवून ते फार हळू म्हणाले, "राजदूत, आज पाय नाई उठत."

त्यांनी हे गाडीला सांगितलं. पण गाडीला सांगितलेलं आजवर कोण ऐकत आलं होतं?

मी आरती खाली ठेवली. लुगडं खोचलं, पदर डोक्यावरून ढळू दिला नाही, आणि पुढे झाले. ते उतरून गाडी धरून उभे राहिले. पहिली किक मी मारली ती उलटून घोट्यावर बसली, डोळ्यांपुढे काजवे आले. कमल म्हणाली, सोड व बाई, पाय मोडशील. मला उकिरडा आठवला. अर्ध्या मनानं नाही, म्हटलं, आणि सगळं अंग टाकून पाय दाबला.

फट्. मग फट्-फट्. निळा धूर आला, हँडलचं बेगड थरथरायला लागलं.

गजानन म्हणाला, "आई, हे बरोबर नाई. किक तू मारली, मोठ्या बाबांनं नाई."

भासरे त्याच्याकडे न पाहता गाडीला म्हणाले, "बोली काय होती, राजदूत? चालू झाली पायजे. कोणाच्या पायानं, हे आपण बोललो होतो का?"

गावातली माणसं हसली, मग गजाननही हसला. टेम्पो रिकामा गेला. दोर तेवढा भासऱ्यांनी काढून घेतला, म्हणाले, राहू दे, पुढच्या वर्षी लागेल त्याले.

त्यानंतर रोज सकाळी किक माझी आणि तलावापर्यंतची चक्कर त्यांची. पण म्हणून भरवसा बसला असं समजू नका. खडूची रेघ तशीच, प्लग तसाच, आणि तेल मिसळताना कोठीचं दार तसंच बंद. मी मनात म्हणायची, पाय चालतो माझा, पण माप नाही सांगत.

गेल्या थंडीत त्यांना दम लागायला लागला. एका सकाळी मी कोठीसमोर भांडी घासत होते. ते बाटली घेऊन आत गेले, आणि दार लावलं नाही. मला वाटलं, विसरले. मग आतून आवाज आला, बहिऱ्याला सांगावं तसा मोठा, "राजदूत, ध्यान देऊन आयक. एका लिटरले तेलाची दोन झाकणं. आधी तेल, मंग पेट्रोल. हलवजो, पण घाई करजो नोको." थोडं थांबून पुन्हा, "दोन. तीन नाई."

मी हातातलं भांडं वाजू दिलं नाही. थोड्या वेळाने म्हटलं, राजदूत, ऐकलं म्हणून सांग.

थंडी सरता सरता ते गेले. त्यांच्या उशाखाली प्लग होता, फडक्यात गुंडाळलेला. गजाननने तो स्वतःच्या हाताने गाडीला लावला. तेरवीनंतर तोच म्हणाला, आई, राहू दे इथीच, मी पेट्रोल आणतो. माझ्या मनासारखं झालं होतं. भद्रावतीहून तो बाटली भरून घेऊन आला आणि टाकीचं झाकण उघडायला लागला.

मी बाटली त्याच्या हातातून घेतली. उन्हाकडे धरली. मग नाकाशी नेली.

तो बघत राहिला. म्हणाला, "आई, माह्यावर बी?"

कोठीकडे जाता जाता मी म्हटलं, "राजदूत, पोरगं आपलंच आहे. पण वास घेऊन पाहा लागते." आणि आत जाऊन दार लावलं.